समुद्र गेला कुठे? झांझिबारच्या बीच लॉजबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात झांझिबारबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, तर मेलबॉक्स भरून वाहायला लागला. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचं बुकिंग आधीच झालंय आणि प्रश्न नंतर पडलेत, म्हणजे नेहमीसारखंच. मी चारदा जाऊन आलेय, दोनदा चैनीत आणि दोनदा चैनीला काटछाट करून, त्यामुळे जे बघितलं-भोगलं तेवढं सांगते. सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि एक आधीच क्लिअर करते, आपण ज्याला झांझिबार म्हणतो त्या मोठ्या बेटाचं नाव उंगुजा, वर उत्तरेला पेंबा, आजूबाजूला बारकी बारकी बेटं, आणि हे सगळं मिळून टांझानियातला स्वायत्त भाग. लॉजवाले मेलमध्ये कधी उंगुजा लिहितात तेव्हा घाबरून जाऊ नका, भलतीकडे नेत नाहीयेत.

प्रश्न : ताई, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसासाठी आम्ही जांबियानीच्या बाजूला एका लॉजमध्ये सात रात्री बुक केल्यात. अगदी बीचवरचा बंगला आहे, फोटोत दारातून पाय बाहेर टाकला की निळं पाणी असं दिसतंय. पैसे भरून झाल्यावर रिव्ह्यू वाचले तर लोक लिहितायत की आम्हाला दिवसभर समुद्रच दिसला नाही. हे काय प्रकरण आहे, आम्ही फसलो का? नॉन-रिफंडेबल आहे हो. – भरून बसलेली

उत्तर : फसला नाहीत, पण फोटो भरतीचा आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही, एवढंच.

माझी पहिली ट्रिप अशीच पूर्व किनाऱ्यावर होती. रात्री उशिरा पोचलो, काळोखात काही दिसेना, पण लाटांचा आवाज अगदी उशाशी. सकाळी निवांत उठून नाश्ता केला, दहाच्या सुमाराला स्विमसूट, टॉवेल, गॉगल असा सगळा थाट करून पायऱ्या उतरले आणि बघते तर समोर मैदान! ओली पांढरी वाळू, मधे मधे पाण्याची डबकी, दोन होड्या कलंडून पडलेल्या, आणि पार लांब, जिथे लाटा फुटत होत्या तिथे एक पांढरी रेघ. मी तिथल्या पोऱ्याला विचारलं, समुद्र गेला कुठे? तो म्हणाला, येईल की, चारला येईल. जसं काही समुद्र कामावर गेलाय.

कारण साधं आहे. पूर्व किनाऱ्यासमोर, म्हणजे मातेम्वे, पोंग्वे, ब्वेजू, पाजे, जांबियानी या पट्ट्यात, किलोमीटर-दीड किलोमीटरवर प्रवाळाची भिंत आहे, आणि भिंत ते किनारा यांच्यामधलं तळं अगदी उथळ. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो, मग उथळ तळ्यात राहणार काय? पाणी निघून जातं आणि सहा तासांनी परत येतं. उत्तरेला नुंग्वी आणि केंडवाला तळ पटकन खोल होतो, तिथे ओहोटीलाही पोहता येतं. म्हणून ज्यांना उठसूट पाण्यात उतरायचंय त्यांनी उत्तर घ्यावी, पण तिथे हॉटेलं एकाला एक चिकटलेली, म्युझिक, गर्दी, आणि केंडवाची पौर्णिमेची पार्टी तर रात्रभर चालते. शांतता हवी असेल तर पूर्वच. दोन्ही एकत्र मिळत नाही, कितीही पैसे मोजले तरी.

आता कामाची गोष्ट. मराठीत आपल्याकडे उधाण आणि भांग असे दोन नेमके शब्द आहेत, ते इथे वापरा. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. पण तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं जे आपलं कोकणातलं गणित आहे ते तिथे चालत नाही हां, तिथलं घड्याळ वेगळं. झांझिबारला पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण चारला (पहाटे आणि दुपारी) आणि ओहोटी साधारण दहाला. अष्टमीला बरोबर उलटं, भरती दहाला, ओहोटी चारला, पण ती भांगाची, त्यामुळे पाणी फार दूर पळत नाही. रोज पाऊण-एक तास पुढे सरकत जातं. म्हणजे तुमच्या तारखांना कोणती तिथी पडतेय ते कॅलेंडरमध्ये बघा, की सात दिवसांचा अख्खा प्लॅन समोर येतो. लॉजच्या रिसेप्शनला भरतीचं टाइमटेबल लावलेलं असतं, पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा.

आणि खरं सांगू का, मला आता ती ओहोटीच जास्त आवडते. त्या पहिल्या सकाळी चिडचिड संपल्यावर मी चालत निघाले तर घोटाभर पाण्यात बायका वाकून काम करतायत, रोवलेल्या खुंट्यांमधे दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांना समुद्री शेवाळ बांधलेलं. म्वानी म्हणतात त्याला. हे शेवाळ सुकवून बाहेर देशात जातं आणि टूथपेस्टपासून आइस्क्रीमपर्यंत कशाकशात घट्टपणासाठी वापरतात. ही शेती तिथे १९८९च्या सुमाराला सुरू झाली आणि करणाऱ्या बहुतेक बायकाच. एकीने मला हाताने खूण करून थांबवलं आणि माझ्या पायापासून वीतभर अंतरावर बोट दाखवलं, काळाभोर काटेरी गोळा, सी अर्चिन. मी अनवाणी होते. तेव्हा एक खर्च बिनतक्रार करा, जाड तळव्याचे रीफ शूज, चप्पल नाही, चप्पल चिखलात रुतते आणि काटा आरपार येतो. आणि दोऱ्यांवरून, शेवाळावरून चालू नका, ते त्यांचं शेत आहे. फोटोही विचारून.

प्रश्न : रूममधून समुद्रात बुडणारा सूर्य दिसला पाहिजे अशी बायकोची एकच अट आहे. पाजेला दिसेल ना? – आज्ञाधारक

उत्तर : नाही दिसणार, पाजे पूर्वेला आहे, तिथे उगवतो. मावळायचा तर पश्चिम बाजू, म्हणजे केंडवा, नुंग्वीचा पश्चिमेकडचा भाग, नाहीतर स्टोन टाउनच्या (म्हणजे झांझिबार शहराच्या जुन्या भागातल्या) एखाद्या गच्चीवर. बेट विषुववृत्ताच्या सहा अंश खाली आहे त्यामुळे वर्षभर सूर्य सव्वासहा ते पावणेसातच्या मधेच मावळतो आणि संधिप्रकाश वगैरे लांबण लावत नाही, कॅमेरा शोधेपर्यंत खेळ खलास. अट मोठी असेल तर पाचची वेळ गाठा. पूर्वेचं बुकिंग होऊन गेलं असेल तर बायकोला पहाटे साडेपाचला उठवायची तयारी ठेवा, आणि शुभेच्छा.

प्रश्न : इतके डॉलर मोजून गेलो आणि रूमला एसी नाही! वर गवताचं छप्पर, त्यातून पाली, शॉवरचं पाणी मचूळ, आणि लॉजवाली बाई हसून सांगते की हीच आमची लक्झरी. आम्हाला हे मूर्ख बनवणं वाटतं. तुमचं मत? – घामाघूम

उत्तर : माझं मत अर्धं तुमच्या बाजूने आहे. एसी नाही हे बुकिंगच्या आधी मोठ्या अक्षरात सांगायला पाहिजे होतं, ते न सांगणं ही लबाडीच. उरलेल्या अर्ध्याबद्दल थोडं ऐकून घ्या.

ते गवत नाही, माडाच्या झावळ्या आहेत, माकुती म्हणतात. उंच उतरतं छप्पर, भिंती वरपर्यंत न नेता मोकळ्या सोडलेल्या, गरम हवा वर जाऊन निघून जाते आणि समुद्रावरचा वारा आरपार वाहतो. ही पद्धत वारा असला की झकास चालते. आणि वारा कुठला हे महिन्यावर आहे. साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून येतो तो कास्काझी, गरम आणि दमट, मे-जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर दक्षिणेकडून येतो तो कुसी, गार आणि जोराचा. याच दोन वाऱ्यांवर शिडाची गलबतं शेकडो वर्षं अरबस्तान आणि पश्चिम हिंदुस्थानातून इकडे यायची आणि परत जायची. तुम्ही फेब्रुवारीत गेला होतात ना? त्या दिवसांत माकुतीखाली रात्री पंखा पुरत नाही, एसीवाली रूमच घ्यावी. जुलैत त्याच रूममध्ये पहाटे अंगावर चादर ओढावी लागते.

पाण्याचं म्हणाल तर बेट प्रवाळाच्या खडकाचं, पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. जास्त उपसलं की खारं वर येतं. आणि त्याच थरावर मागच्या गावच्या विहिरी असतात, हे मला तिसऱ्या ट्रिपला कळलं जेव्हा लॉजच्या कुंपणामागे मुली पिवळे कॅन डोक्यावर घेऊन जाताना दिसल्या आणि कुंपणाच्या आत स्प्रिंकलर चालू होता. त्यामुळे मचूळ शॉवरची तक्रार मी करत नाही, प्रत्येक बंगल्याला स्वतंत्र पूल असलेल्या जागेबद्दल मात्र दोन प्रश्न विचारते, पाणी कुठून आणता आणि सांडपाणी कुठे सोडता. सरळ उत्तर देणारे लॉजही आहेत.

पाली राहू द्या, त्या डास खातात. मच्छरदाणी मात्र सूर्य मावळायच्या आत सोडायला सांगा. झांझिबारला मलेरिया पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झालाय पण संपलेला नाही, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच जा.

प्रश्न : रेट ठरला, हाफ बोर्ड आहे. याच्यावर अजून काय काय निघेल? शेवटच्या दिवशी बिल बघून चक्कर यायला नको. – हिशेबी

उत्तर : निघेल, भरपूर निघेल. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, दुपारी तुम्ही कुंपणात अडकलेले आणि मेन्यू त्यांचा. पिण्याचं पाणी धरलंय का ते विचारा, हसू नका, विचारा. एअरपोर्ट ट्रान्सफर बहुतेक वेळा वेगळी असते, नुंग्वी साधारण साठ किलोमीटर आणि दीड तास, पाजे-जांबियानी तासा-सव्वा तासाचं. कार्डने भरलं तर वर काही टक्के लावतात. सरकारचा दर माणशी दर रात्री इन्फ्रास्ट्रक्चर टॅक्स असतो तो काही जण रेटमध्ये धरतात, काही जण निघताना काउंटरवर हातात देतात, तेव्हा लेखी विचारून घ्या.

त्याशिवाय इन्शुरन्स. १ ऑक्टोबर २०२४पासून झांझिबारला येणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला तिथल्या सरकारी कंपनीचा विमा घ्यावाच लागतो, मोठ्या माणसाला ४४ डॉलर, ९२ दिवस चालतो, निघायच्या आधी ऑनलाइन काढायचा. तुमची स्वतःची कितीही भारी ट्रॅव्हल पॉलिसी असली तरी ती याऐवजी चालत नाही. स्वाहिलीत याला म्हणतात बिमा! शब्द इकडूनच गेलाय. दुकानाला दुका, गाडीला गारी, रंगाला रांगी, सरकारला सेरिकाली, त्यामुळे दोन दिवसांत आपल्याला उगाच वाटायला लागतं की भाषा येतेय.

व्हिसा बहुतेक देशांच्या लोकांना ५० डॉलर, ऑनलाइन काढा आणि सरकारी साइटवरूनच काढा, तशाच दिसणाऱ्या भामट्या साइट्स पुष्कळ आहेत. वाटेत केनिया किंवा इथिओपियात बारा तासांहून जास्त थांबणार असाल तर यलो फीव्हरचं सर्टिफिकेट मागतात, फ्लाइट निवडतानाच हे बघा कारण स्वस्त तिकिटात नेमका तोच लांब थांबा असतो. डॉलरच्या नोटा नव्या-कोऱ्या न्या, २००९च्या आधीच्या छापाच्या नोटा घ्यायला लोक का-कू करतात, फाटकी असेल तर विषयच संपला. शहाळं, फळं, दालादाला (म्हणजे तिथली वडाप), गावातला चहा, यासाठी टांझानियन शिलिंग जवळ ठेवा. आणि टिप रिसेप्शनवरच्या एका पेटीत टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, ती सगळ्यांत वाटली जाते, अगदी माळी आणि भांडी घासणाऱ्यांपर्यंत. मला ती आवडते.

प्रश्न : सासूबाई (वय ७१, शुद्ध शाकाहारी, गुडघे दुखतात, स्वभाव कडक) बरोबर येतायत. लॉज लक्झरी आहे पण मला आतापासून टेन्शन आलंय. – मधली सून

उत्तर : अगं, तू टेन्शन चुकीचं घेतलंयस. तिथे सगळ्यात जास्त भाव सासूबाईंनाच मिळणार आहे.

तिथे वयाने मोठ्या माणसाला जांबो-बिंबो म्हणत नाहीत, ते पर्यटकांसाठी. मोठ्यांना नमस्कार करताना म्हणतात शिकामू, आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं मराहाबा. माझ्या बरोबर एकदा माझी मावशी होती, पहिल्या सकाळी नाश्ता वाढणारी विशीतली मुलगी तिच्यासमोर किंचित झुकून शिकामू म्हणाली, मावशीला वाटलं शिकायला काहीतरी सांगतेय. मी अर्थ सांगितला, दुसऱ्या दिवसापासून मावशी टेबलावर बसायच्या आधीच मराहाबा म्हणायची वाट बघत असायची, आणि पाचव्या दिवशी निघताना त्या मुलीने तिला खांगा दिला, तो दोन पदरांचा सुती कपडा, काठाशी एक म्हण छापलेली असते. मावशी अजून वापरते.

खाण्याचं. लॉजला बुकिंगच्या वेळी लिहून कळवा आणि नुसतं व्हेज लिहू नका, मासे पण नाही, माशाचा स्टॉक पण नाही, असं फोडून लिहा, कारण तिथे मासा म्हणजे भाजीच. तोंडी सांगायला वाक्य : सिली न्यामा वाला समाकी, मी मांस खात नाही आणि मासेही नाही. मग काय मिळतं? नारळाच्या दुधातला भात, वाली वा नाझी. नारळाच्या दुधातलाच राजमा, माहारागे. म्चिचा म्हणजे माठाची भाजी. चपाती तर चपातीच, नावासकट, फक्त जरा तेलकट पराठ्यासारखी. आणि व्हितुंबुआ म्हणून तांदळाचे गोड प्रकार मिळतात ते खरं तर आपले गोड अप्पेच, वेलची घातलेले. लॉजच्या शेफला इटालियन करायची हौस असते, त्याला सांगायचं स्टाफला दुपारी काय करता तेच आम्हाला दे. सगळ्यात चांगलं जेवण मला असंच मिळालं.

गुडघ्यांसाठी : रूम तळमजल्यावर, रेस्टॉरंटपासून जवळ आणि वाळूतून चालावं न लागणारी, असं तिन्ही लिहून मागा. वाळूतली वीस पावलं ही दुखऱ्या गुडघ्याला दोनशे असतात. बोटीत चढताना मांडीभर पाण्यातून जावं लागतं, जेटी क्वचितच असते, तेव्हा बोटीची ट्रिप त्यांना दाखवून नंतर नाही म्हणू नकोस, आधीच विचार.

आणि कपडे. लॉजच्या आत, बीचवर, काहीही घाला. गावातून, स्टोन टाउनमधून जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, जवळजवळ सगळी वस्ती मुसलमान आहे आणि लोक तोंडावर काही बोलत नाहीत म्हणून त्यांना चालतं असं नाही. रमझानात दिवसा रस्त्यावर खाणं-पिणं टाळा, त्याच्या तारखा दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, बघून ठेव. सासूबाई नऊवारीत गेल्या तर मात्र फोटो काढायला लाइन लागेल.

प्रश्न : बीचवर पाय ठेवला की दहा पोरं मागे लागतात, बोट घ्या, माळ घ्या, माझं नाव हकुना मटाटा. एवढ्या महागड्या लॉजचा बीच प्रायव्हेट का नाही? – वैतागलेला

उत्तर : कारण तो त्यांच्या गावाचा आहे. त्याच वाळूवरून कोळी जाळी ओढतात, पोरं शाळेत जातात, संध्याकाळी फुटबॉल होतो. लॉज गावात आलंय, गाव लॉजमध्ये नाही. मागे लागणाऱ्या दलालांना तिथले लोकच पापासी म्हणतात, म्हणजे गोचीड, तेव्हा वैताग फक्त तुम्हालाच येत नाही. थांबून, हसून, एकदा हापाना असांते (नको, आभार) म्हणा आणि चालत राहा. नंतर बघू म्हणू नका, ते नंतर येतात! नाव लक्षात ठेवतात, रूमही.

पण सगळेच गोचीड नाहीत. लॉजची बोट आणि गावातल्या माणसाची बोट यात पुष्कळदा बोट तीच असते, फक्त मधला माणूस बदलतो. मी गावातल्या एका वयस्क नाखव्याकडूनच जाते, लाइफ जॅकेट आधी डोळ्यांनी बघून, पैसे परत आल्यावर. एकदा मात्र फजिती झाली. त्याने इंग्रजीत सांगितलं टू ओक्लॉक. मी दुपारी दोनला छत्री-पाणी घेऊन हजर, बोट वाळूवर आडवी आणि त्याचा पत्ता नाही. संध्याकाळी भेटला तर तोच माझ्यावर रुसलेला, सकाळी आठपासून दोन तास वाट बघितली म्हणे. तिथलं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. सा म्बिली म्हणजे दोन वाजता, म्हणजे आपले आठ. तेव्हा वेळ ठरवताना सकाळ का दुपार हे विचारा आणि स्वतःच्या घड्याळावर बोट ठेवून दाखवा.

प्रश्न : मुलांना डॉल्फिनबरोबर पोहायचंय, लॉजच्या पॅकेजमध्ये आहे. किती वाजता जावं? – दोन वानरांची आई

उत्तर : जाऊ नका. दक्षिणेला किझिमकाझीला पहाटे बोटींचा ताफा निघतो, एक पाठ दिसली की सगळ्या बोटी तिच्यावर तुटून पडतात, लोक धपाधप उड्या मारतात, डॉल्फिन खाली जातात, परत वर येतात तर परत तेच. मी एकदा गेले, एकदाच. मुलांनी पाणी कमी आणि डिझेलचा धूर जास्त बघितला असता. तसंच स्टारफिश, उथळ पाण्यात लाल-केशरी दिसतात, गाइड उचलून हातात देतो फोटोसाठी. ते पाण्याबाहेर काढायचे नसतात, मुलांना सांगा, मुलं मोठ्यांपेक्षा लवकर ऐकतात.

त्याऐवजी जोझानीच्या जंगलात न्या. तांबड्या पाठीची कोलोबस माकडं, झांझिबार सोडून जगात कुठेही नाहीत, आणि ती इतकी निवांत असतात की तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. शेजारीच खारफुटीतून लाकडी पूल आहे, तिथे भरती असताना जा. किझिमकाझीला जायचंच असेल तर जुनी मशीद बघा, आतल्या शिलालेखावर साल आहे ११०७.

प्रश्न : एप्रिलमध्ये निम्म्या किमतीत मिळतंय. घेऊ का? – संधीसाधू

उत्तर : मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मासिका, मोठा पाऊस. बरेच लॉज बंदच असतात आणि जे उघडे असतात त्यांचे रंगकाम, सुतारकाम तेव्हाच चालू. पुस्तक वाचायला आणि बायकोशी भांडायला चांगला सीझन आहे. नोव्हेंबर-डिसेंबरचा व्हुली हा बारका पाऊस, सर येते आणि जाते, तेव्हा रेट बरे असतात, ते बघा.

प्रश्न : बजेटची चिंता नाही (पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच असं म्हणतोय). खाजगी बेट, पाण्याखालची रूम, वगैरे जे ऐकतो त्यातलं काय करण्यासारखं आहे? – एकदाच जगणारे

उत्तर : तीन गोष्टी सांगते.

ईशान्येला म्नेंबा, एवढंसं बेट, वीस-पंचवीस मिनिटांत चक्कर होते, त्यावर एकच लॉज, मोजके बांदा (म्हणजे झावळ्यांच्या झोपड्या), अनवाणी राहायचं, हिरवी कासवं तिथे अंडी घालायला येतात. बेटावर पाहुण्यांशिवाय कोणी पाय ठेवू शकत नाही, पण बेटाभोवतीचं पाणी मोकळं आहे आणि रोज सकाळी मातेम्वे-नुंग्वीकडून बोटी भरभरून स्नॉर्केलिंगवाले येतात. म्हणजे इतकं मोजून बेट तुमचं, समोरचं पाणी जत्रेचं. सकाळी अगदी लवकर किंवा दुपारी उशिरा उतरलात तर मजा.

पेंबाला समुद्रात तरंगणारी रूम आहे, २०१३ला आली, स्वीडिश डिझाइन. वर उन्हात झोपायचा डेक, मधे बसायची जागा, आणि जिन्याने खाली गेलं की बेडरूम पाण्याखाली चार मीटर, चारी बाजूंना काच. रात्री बाहेर दिवे लावतात मग मासे काचेशी येतात, तुम्ही झोपलेले आणि एक मासा तुमच्याकडे टक लावून बघतोय. एक रात्र पुरे. मला विचाराल तर त्यातही झोप लागली तर पैसे वाया.

तिसरं, आणि मी माझे पैसे इथे घालेन, चुंबे. स्टोन टाउनपासून बोटीने थोडं दक्षिणेला. सात बंगले, फक्त सात. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी गाळून जमिनीखालच्या टाकीत साठवतात तेच अंघोळीला, संडास कंपोस्टचा, लाइट सोलरची, पूल नाही, एसी नाही (घामाघूम, तुम्ही नका जाऊ). पण तिथल्या प्रवाळावर १९९४पासून मासेमारी बंद आहे आणि जे तुम्हाला पाण्यात घेऊन जातात ते रेंजर बहुतेक पूर्वीचे कोळीच. पाण्यात तोंड घातलं की कळतं बंद ठेवल्याने काय होतं. स्कूबा नाही, फक्त स्नॉर्केल, आणि ते पुरतं. रात्री टॉर्च घेऊन नारळखेकडे बघायला नेतात, ताटाएवढे पसरतात आणि झाडावर चढतात. १९०४चा दीपस्तंभ आहे, शंभराच्या वर पायऱ्या, पंचवीस वर्षं संसार केलाय तर चढाल.

आणि कुठलंही घ्या, परतायच्या आधी दोन रात्री स्टोन टाउनमध्ये ठेवाच, लॉजमध्ये बसून झांझिबार बघितलं असं म्हणता येत नाही.

छपाईला जाता जाता : पहिल्या प्रश्नवाल्या ‘भरून बसलेली’ यांची परत मेल आली, त्यांनी कॅलेंडर बघितलं, पोचतायत शुद्ध अष्टमीला आणि निघतायत पौर्णिमेला. मस्त जमलंय हो! पहिले दोन-तीन दिवस नाश्ता करून सरळ पाण्यात उतरा, दहा-अकराला भरती आहे. बोटीची ट्रिप त्याच दिवसांत उरकून घ्या. दशमी-एकादशीला भरती दुपारी बारा-एकच्या आसपास सरकेल, डोक्यावर ऊन, तेव्हा टी-शर्ट घालून पोहा. शेवटचे दोन दिवस सकाळी रीफ शूज घालून प्रवाळाच्या भिंतीच्या दिशेने चालत जा, बरोबर लॉजचा नाहीतर गावातला माणूस घ्या, आणि ओहोटीची वेळ झाली की लगेच माघारी फिरा, तिथे पाणी मागून येतं, समोरून नाही. निघायच्या दिवशी चेकआउट बहुतेक दहा-अकराला असेल. त्यांना विनवणी करून रूम नाहीतर निदान शॉवर पाचपर्यंत मागून घ्या, कारण फोटोतलं ते निळं पाणी तुमच्या पायरीशी त्या दिवशी चारला येणार आहे.